चिखल उपसून झाल्यावर हातात बायबल द्यावं का?

रानवारा:
हेलीन चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडात धडकलं, पण सगळ्यात जास्त वाट लागली ती किनाऱ्यापासून कितीतरी आत असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागाची, अ‍ॅशव्हिल, स्वॅनानोआ, चिमनी रॉक वगैरे. त्या एका राज्यातच शंभरावर माणसं गेली आणि अ‍ॅशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. त्या दिवसांत लोकांच्या दारात जे येऊन उभे राहिले त्यात पिवळ्या टीशर्टातले सदर्न बाप्टिस्ट (अमेरिकेतला एक मोठा प्रॉटेस्टंट पंथ) आणि नारिंगी टीशर्टातले समॅरिटन्स पर्स या ख्रिस्ती मदतसंस्थेचे व्हॉलंटियर बरेच होते. चेनसॉने झाडं कापणं, घरातला चिखल फावड्याने काढणं, भिजलेला ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्समचे बोर्ड) फोडून टाकणं, बुरशीवर फवारणी, सगळं फुकट. समॅरिटन्स पर्सवाले काम संपलं की घरमालकाला टीममधल्या सगळ्यांच्या सह्या असलेलं बायबल देतात आणि प्रार्थना करू का विचारतात. यावरून बोंब मारणारे बरेच दिसले. मला यात काहीच गैर वाटत नाही. आधी काम, मग पुस्तक, नको तर नको म्हणा.
(लगेच भारतातलं धर्मांतर आणू नका प्लीज, त्यासाठी वेगळे धागे आहेत.)

तिरकस:
नको म्हणा!! बोलायला काय जातंय. त्या डोंगरात फ्लड इन्शुरन्स जवळजवळ कोणाकडेच नव्हता, म्हणजे आयुष्यभराची कमाई चिखलात आणि क्लेम करायला काही नाही, अशा माणसाच्या घरात दहाबारा जण गुडघाभर घाणीत राबले आणि मग हात पुढे करून विचारलं प्रार्थना करूया का, तर तो नास्तिक असला तरी मान खाली घालून उभाच राहणार ना. रेडक्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की मदत धार्मिक भूमिका पुढे रेटायला वापरायची नाही.

रानवारा:
अर्धंच वाचलंत. त्याच कलमात पुढे असंही आहे की संस्थांना स्वतःची धार्मिक मतं बाळगायचा हक्क आहे, फक्त मदत त्या मतांवर अवलंबून नको. इथे अट कुठे घातली?

निवांत:
खाजगी देणग्यांवर चाललंय तोवर काय हवं ते वाटा. पण फेमाच्या (अमेरिकन केंद्र सरकारची आपत्ती मदत यंत्रणा) नियमांप्रमाणे व्हॉलंटियरांचे तास नीट नोंदवले तर त्यांची किंमत आपत्तीच्या खर्चातल्या राज्याने भरायच्या वाट्यात धरता येते. म्हणजे नारिंगी टीशर्टवाल्याच्या घामातून सरकारचे पैसे वाचतात, मग सरकार कशाला त्यांना काही विचारेल? आणि हीच संस्था २००१ च्या भूकंपानंतर एल साल्वादोरमध्ये अमेरिकन सरकारचे पैसे घेऊन काम करत होती, तेव्हा तात्पुरती घरं कशी बांधायची हे दाखवण्याआधी प्रार्थनासभा घेतल्या म्हणून ओरड झाली होती. तेव्हा आधी काम मग पुस्तक हा क्रम नेहमीच पाळला गेलाय असं नाही.

रानवारा:
ते चूकच होतं, त्याचं समर्थन नाही करत. मी हेलीनबद्दल बोलतोय.

सुलूमावशी:
तुम्ही सगळे एकाच संस्थेवर अडकलात. मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) लोकांची डिझास्टर सर्व्हिस १९५० पासून आहे, ते कॅमेरे निघून गेल्यावर घरं परत बांधायला येतात. तेही चर्चचेच. मडआउट, म्हणजे चिखल उपसणं, दोन दिवसात होतं हो, पण नुसत्या लाकडी सांगाड्यात कोण राहणार, भिंती, वायरिंग, परमिट यात वर्षं जातात. भांडायचंच तर त्यावर भांडा की बायबलवाले असोत नाहीतर नास्तिक, दुसऱ्या वर्षी किती जण उरतात.

तिरकस:
मावशी, मुद्दा पटला पण विषय बदललात. माझं म्हणणं साधं आहे, पुस्तक द्यायचंच तर त्याच दिवशी, चिखलाच्या हातात कशाला? महिनाभराने द्या, तेव्हा किती जण घेतात बघू.

रानवारा:
महिनाभराने ती टीम परत आपापल्या गावी, द्यायला कोण येणार? त्यापेक्षा कामाआधी घरमालकाची सही घेतात त्याच फॉर्मवर विचारून टाका, प्रार्थना हवी की नको, विषय संपला.

निवांत:
आधी विचारलंत तर अजून वाईट! यादी लांब असते, नको वर टिक केली तर आपला नंबर मागे जाईल असंच वाटणार माणसाला, मग तो जात असो वा नसो.

रानवारा:
मग तर शेवटीच विचारतात तेच बरं की.

तिरकस:
विचारूच नये, हा पर्याय यादीत येतच नाही तुमच्या.