प्रोसेसरची पेस्ट बदलताना: जुनी पेस्ट नीट काढा

लॅपटॉपच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) बदलूनही तापमान ९५ अंशांवर जातंय असं तुम्ही लिहिलंय, आणि वरच्या उत्तरात एकांनी पेस्ट आणखी जाड लावायला सांगितलंय. तसं कृपया करू नका. पेस्टचं काम फक्त प्रोसेसरची चिप आणि हीटसिंक (चिपवर बसणारा, तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधल्या बारीक खाचा भरण्याचं. थर जाड झाला की उष्णता उलट अडते.

मला शंका आहे ती जुन्या पेस्टची. ती कोरड्या कापडाने पुसली असेल तर करडा पातळ थर तसाच राहतो. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापड ओलं करून मिनिटभर चिपवर ठेवा, मग हलक्या हाताने पुसा. चिप आरशासारखी चमकली पाहिजे, तिच्यात खोलीतला दिवा दिसला पाहिजे. हीटसिंकचा तांब्याचा भागही तसाच पुसून घ्या. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. लॅपटॉपच्या चिपवर बहुतेक वेळा धातूचं झाकण नसतं, कोपरा उडाला की प्रोसेसर गेलाच. अर्थात हे सगळं बॅटरीचा कनेक्टर काढल्यावरच.

झाकण नसलेल्या चिपवर पेस्ट सगळीकडे पसरलेली हवी, कोपरे उघडे नकोत. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे बहुतेकदा कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळला की हीटसिंक तिरका बसतो.

बाजूचे थर्मल पॅड (शेजारच्या चिपांची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले असतील तर नवे त्याच जाडीचे घ्या. जाड पॅडमुळे हीटसिंक चिपवर टेकतच नाही, तुमच्याकडे हेही झालेलं असू शकतं.