मदत हवी आहे : विमानप्रवास, आई आणि आईची पर्स

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई (वय ७२) आणि लेक (वय ६) यांना घेऊन विमानाने जायचंय. तिघीच आहोत. मागच्या वेळचा किस्सा सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

आईची पर्स झोपतानाच काय ती खांद्यावरून उतरते. मागच्या प्रवासात विमान सुटायच्या आधी क्रूमधली मुलगी म्हणाली, "आजी, पर्स पुढच्या सीटखाली सरकवा." आईने मुकाट्याने सरकवली. जरा वेळाने खाली पाहिलं तर पर्सच्या पट्ट्याचे घोट्याभोवती दोन वेढे! "कुणी ओढली तर कळायला नको?" तेव्हा मी हसले. नंतर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. खरंच घाईने बाहेर पडायची वेळ आली तर ही काय करेल? तिलाच विचारलं. म्हणाली, "बीपीच्या गोळ्या त्यात आहेत. विमान जळालं म्हणून आठची गोळी चुकवायची का?"

तर मुख्य प्रश्न पर्सचा. शिवाय ऑक्सिजनचे मास्क खाली आलेच, तर आई आधी नातीला लावणार, कितीही सांगा. आणि एक : मागच्या वेळी खिडकीतल्या गृहस्थांनी शटर उघडायला सांगितल्यावर "ऊन लागतं" म्हणून क्रूशी हुज्जत घातली. मधल्या सीटवर मी. अशा वेळी आपण बोलावं का? आणि मुळात शटर उघडं कशासाठी हवं असतं?

घाबरवू नका, पण खरं सांगा.

भटकभवानी
माझ्याकडून छोटंसं. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, जवळच ठेवा. डोक्यावरच्या कप्प्यातही नको, कारण तिथे धुमसायला लागली तर लवकर लक्षात येत नाही. आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढेमागे करू नका, क्रूला बोलवा. फोन चेपला की बॅटरी पेटू शकते.

माजी_क्रू
ताई, पट्टा घोट्याला गुंडाळणं हे पर्स मांडीवर ठेवण्यापेक्षा वाईट. उठताना आईच आधी तोंडावर पडतील, आणि मागची रांग त्यांच्यावर. हे आधी बंद करा.

आता पर्स का सोडायची ते. ४४ पेक्षा जास्त सीट असलेल्या विमानाला परवानगी देताना एक गोष्ट दाखवून द्यावी लागते : अंधारात, निम्म्याच दरवाज्यांतून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. हा हिशोब रिकाम्या हातांचा आहे. एकाने वरचा कप्पा उघडला की त्याच्यामागची सगळी रांग थांबते. दारातून खाली घसरत उतरायची स्लाइड म्हणजे हवा भरलेलं कापड, बॅगेची कड किंवा टोकदार टाच लागून फाटू शकते. आणि घसरताना पर्स हातात असली की तोल सावरायला हात उरत नाही.

पण तुमच्या आईंचं म्हणणं मला पटतं. गोळी लागतेच. मग ती पर्समध्ये ठेवायचीच नाही. गोळ्यांची पट्टी, चष्मा आणि पासपोर्ट अंगावरच्या कपड्यांच्या खिशात, चेन लावून. कमरेचा पाऊच सुचवणार नाही, कारण सीटचा बेल्ट त्याच्यावरून जातो. बेल्ट पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट बसायला हवा.

मास्कसाठी आईंना समजावण्यापेक्षा जागा बदला. लेकीला तुमच्या एका बाजूला बसवा, आई दुसऱ्या बाजूला. ३५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणूस साधारण अर्धा ते एक मिनिटच भानावर असतो. तेवढ्यात आधी तुमचा, मग लगेच लेकीचा. मास्क आपल्याकडे ओढायचा, नुसता लोंबत राहिला तर बहुतेक विमानांत ऑक्सिजन सुरूच होत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, काढून बघू नका.

हिशोबी
बोलायला सोपं आहे. परक्या देशात लॅपटॉप आणि कागदपत्रं गेली तर कोण भरून देणार? हाताशी असलेली बॅग उचलायला दोन सेकंद लागतात. मी तर उचलणार.

माजी_क्रू
@हिशोबी, तुमचे दोन सेकंद, पण विमानात तुमच्यासारखे दोनशे असतात. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० हे प्रवासी विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. मोठ्या विमानात ३७९ जण. आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, क्रूने मेगाफोनवरून आणि ओरडून सूचना दिल्या. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. तरी ३७९ च्या ३७९ बाहेर आले, सामान आतच ठेवून. त्यानंतर विमान जळून गेलं. दुसऱ्या विमानातले सहापैकी पाच जण मात्र वाचले नाहीत. लॅपटॉप त्या लोकांकडेही असतीलच.

हिशोबी
बरं. कागदपत्रं खिशात ठेवीन. लॅपटॉपचं बघू.

खिडकीवाला
शटरचं मी सांगतो. उड्डाण आणि लँडिंगच्या वेळी बाहेर आग किंवा धूर दिसला तर कोणत्या बाजूचा दरवाजा उघडायचा नाही हे क्रूला आतूनच कळायला हवं. रात्री आतले दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. त्या गृहस्थांशी तुम्ही वाद घालू नका, ते क्रूचं काम. बहुतेक देशांत क्रूची सुरक्षेची सूचना धुडकावणं हा गुन्हा आहे.

अवांतर : बेल्टचा दिवा विझला तरी बसल्याजागी बेल्ट सैलसर लावूनच ठेवा. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला जबरदस्त टर्ब्युलन्स लागला. बेल्ट नसलेले छताला आपटले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल आईसमोर बसून पर्स रिकामी केली. गोळ्या, दोन चष्मे (एक फुटका), बाबांचा पासपोर्ट साइझ फोटो, मोजून अठरा सेफ्टी पिना आणि कधीच्या कधी चुरा झालेली एक बडीशेपेची पुडी. गोळ्या, धड चष्मा आणि फोटो वेगळे काढून ठेवले, म्हणाली, "एवढं खिशात मावलं तर पर्सचं तुम्ही काय हवं ते करा." आतून चेनचा खिसा असलेलं जाकीट शिवायला टाकलंय. घोट्याच्या वेढ्यांवर अजून वाटाघाटी चालू आहेत.

@माजी_क्रू, मधे मी बसायचं ठरलं. फक्त खिडकी कुणाची यावर नात आणि आजी यांच्यात भांडण लागलंय. शटर उघडं ठेवायला दोघीही एका पायावर तयार आहेत.