पालकसभेत ऑटिझमची सुरुवातीची लक्षणं नेमकी कशी सांगावीत?

सातारा_पालकगट
पुढच्या महिन्यात तीन अंगणवाड्यांमध्ये पालकसभा आहे. १ ते ३ वर्षांच्या मुलांच्या आया आणि बऱ्याच आज्याही येतील. प्रत्येक ठिकाणी ४० मिनिटं मिळतील. लक्षणांची लांबलचक यादी वाचायची नाही. घरी करून बघता येईल असं काय सांगावं? आणि “मुलगे उशिराच बोलतात” याला काय उत्तर द्यावं?

वाचा_उपचार
बोलण्यापासून सुरुवात करू नका. “बोलत नाही” म्हटलं की प्रत्येक घरातला उशिरा बोललेला एक मामा पुढे येतो आणि विषय तिथेच मिटतो. बोटापासून सुरू करा.

शब्द येण्याआधी, साधारण १२ ते १४ महिन्यांत, मूल बोट दाखवू लागतं. त्यातले दोन प्रकार वेगळे करून दाखवा. एक बोट “ते मला दे” म्हणणारं. दुसरं “आई, बघ, विमान!” म्हणणारं. दुसऱ्यात मागणं काहीच नसतं, आपण पाहिलेली गंमत आईनेही पाहावी एवढंच असतं. १८ महिन्यांपर्यंत हे दुसरं बोट आलं नाही तर वाट बघू नये.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. नुसतं उशिरा बोलणारं मूल शब्दांची उणीव खुणांनी भरून काढतं: टाटा करतं, मान हलवून नको म्हणतं, हवं ते दाखवून तुमच्या तोंडाकडे बघतं. ऑटिझममध्ये बहुतेकदा खुणाही कमी असतात. मूल तुमचं मनगट धरून हात डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतं, पण चेहऱ्याकडे बघत नाही.

बोलण्याचे टप्पे एका ओळीत सांगून टाका: १२ महिन्यांत बाबाबा-दादादा, १६ महिन्यांत एखादा अर्थाचा शब्द, २४ महिन्यांत दोन शब्द स्वतः जोडणं. “पाणी हवं?” विचारल्यावर “पाणी हवं?” असंच परत म्हणणं यात धरायचं नाही. मोबाइलवरून पाठ झालेले आकडे आणि एबीसीडीही नाही. आज्यांना याचं फार कौतुक असतं, म्हणून हे मुद्दाम सांगा.

आजीचा_ओटा
मूल नजरेला नजर देत नाही, हे सगळ्यात वर ठेवा. लोकांना पटकन कळतं.

बालविकास_तपासणी
कळतं, पण त्यावरच भर दिला तर बरीच मुलं सुटतात. ऑटिझम असलेली अनेक मुलं आईच्या डोळ्यांत बघतात, हसतात, कुशीत शिरतात. मुली तर आणखी सहज नजरेआड होतात. “शांत आहे, लाजाळू आहे” म्हणून घरचे निश्चिंत असतात.

घरी करून बघायच्या दोन गोष्टी.

हाक: मूल खेळण्यात असताना, टीव्ही-मोबाइल बंद करून, मागून किंवा बाजूने चार-पाच फुटांवरून नेहमीच्या आवाजात फक्त नाव घ्या. टाळी किंवा चुटकी वाजवायची नाही, “चॉकलेट देते” म्हणायचं नाही. तीनदा हाक, प्रत्येक हाकेनंतर पाच आकडे मोजून थांबायचं. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी करा. एका वेळेवरून काही ठरत नाही. मूल पेंगुळलेलं असेल.

बोट: मुलाशेजारी बसून खोलीच्या पलीकडची वस्तू दाखवा, “तो बघ कावळा!” मूल वस्तूकडे बघतं, की तुमच्या बोटाकडेच? नंतर वळून तुमच्या चेहऱ्याकडे येतं का? इथे एक चूक नेहमी होते: पालक पंखा दाखवतात. फिरत्या वस्तूंची ओढ असलेलं मूल पंख्याकडे एरवीही बघतच असतं, त्यामुळे काहीच कळत नाही.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही २० हो-नाही प्रश्नांची चाचणी आहे. ० ते २ गुण: धोका कमी, पण मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन पूर्ण झाल्यावर पुन्हा. ३ ते ७: जाणकाराकडून पुढचे प्रश्न. ८ किंवा जास्त: थेट तज्ज्ञांकडे. भरताना घोटाळा होतो तो “कधीतरी करतो ना” म्हणून हो लिहिण्यात. क्वचितच करत असेल तर उत्तर “नाही”. आणि गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नव्हे. त्यातल्या बऱ्याच मुलांना ऑटिझम नसतो, पण विकासातली दुसरी काही अडचण सापडू शकते.

एक अपवाद मात्र ठासून सांगा. येत असलेले शब्द, टाटा किंवा हाकेला ओ देणं गेलं, तर वय आणि गुण काहीही असोत, त्याच आठवड्यात डॉक्टर.

सातारा_पालकगट
फार उपयोगी. मोबाइलमुळे असं होतं, तो बंद केला की सुटतं, असं सभेत हमखास निघेल. आणि पाठवायचं कुठे?

अंगणवाडी_ते_जिल्हा
दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, तो बंद करायला सांगा. पण “तीन महिने बंद करून बघू, मग जाऊ” हे होऊ देऊ नका. मोबाइल बंद आणि डॉक्टरांची वेळ, दोन्ही एकाच दिवशी. लसीमुळे ऑटिझम होतो, हा मुद्दाही निघेल. ते खरं नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय घेणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. लस चुकवायची नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पुढची भेट दूर असेल तर सेविकेकडून निरोप द्या किंवा थेट जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. तपासणी मोफत असते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवं.

ऐकण्याची तपासणी आधी होते. “ताट पडलं की दचकतो, मग कान चांगलेच” हे खरं नाही. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. बेरा तपासणीला (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, हे बघणारी) मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी लवकर उठवा आणि वाटेत गाडीत झोपू देऊ नका. झोप झाली की तपासणी पुढे ढकलली जाते आणि पुन्हा फेरी पडते.

सभेत कुठल्याही आईला “तुमच्या मुलाला ऑटिझम वाटतो” म्हणू नका. “हाक मारली तेव्हा तीनदा वळला नाही, तपासून घेऊ” इतकंच, तेही बाजूला नेऊन.

वाचा_उपचार
एक राहिलं. तपासणीला जाताना घरचे दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ न्यायला सांगा: एकटं खेळताना, जेवताना, आणि कुणी हाक मारताना. मूल परक्या खोलीत रडतं किंवा गप्प बसतं, तेव्हा डॉक्टरांना हेच उपयोगी पडतं. मुलाला “हे करून दाखव” म्हणत काढलेला व्हिडिओ नको. फोन कपाटावर ठेवून द्यायचा.