पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही, ४१,४०० रुपये मला दुसऱ्यांदा भरावे लागले. आता काय करू?

पत्रा_वर्कशॉप (नाशिक)

नमस्कार. अंबड एमआयडीसीत आमचं पत्र्याचं छोटं वर्कशॉप आहे. कंट्रोल पॅनलच्या पेट्या, ब्रॅकेट, कव्हर बनवतो. चार कामगार आहेत. मिस्टर मशीनवर असतात. बिलं, बँक आणि जीएसटी माझ्याकडे. उलाढाल ८० लाखांच्या आसपास, त्यामुळे तिमाही रिटर्न भरतो.

१८ नोव्हेंबरला सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घेतला. २,३०,००० अधिक १८ टक्के जीएसटी ४१,४००. पूर्ण २,७१,४०० आरटीजीएस केले, तेव्हाच माल गाडीत चढला. १४ जानेवारीला २बी आली, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आमच्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी. त्यात असलेल्या बिलांवर दिलेला जीएसटीच आमच्या करातून वजा होतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. ती प्रिंट काढून मी खरेदीच्या फायलीतल्या एकेका बिलावर पेन्सिलने टिक करत जाते. सगळ्या बिलांवर टिक झाली, हेच एक राहिलं. तीनदा पाहिलं, नंबर चुकला असेल म्हणून. बिल तिथे नव्हतंच.

फोन केला तर "ताई, उद्या टाकतो." २२ तारीख आली तरी तो उद्या काही उजाडला नाही. शेवटी प्रेस ब्रेकच्या (पत्रा वाकवायच्या मशीनच्या) नव्या डायसाठी ठेवलेले पैसे काढून चलन भरलं. ३बीचा (कर भरायच्या रिटर्नचा) ओटीपी मिस्टरांच्या मोबाईलवर येतो आणि ग्राइंडरच्या आवाजात त्यांना रिंग ऐकू येत नाही. त्यांचे हात ऑइलने माखलेले, खिशातून मोबाईल मीच काढला. "किती गेले?" त्यांनी विचारलं. आकडा सांगितल्यावर काही बोलले नाहीत, ग्राइंडर परत सुरू केला.

त्याच पत्र्याच्या पेट्या डिसेंबरमध्ये पार्टीला गेल्या. पार्टी ९० दिवसांनी पैसे देणार, पण त्या बिलावरचा कर मी जानेवारीतच भरला. कर चुकवायचा विचार आमच्या मनात कधी आला नाही. पण दुसऱ्याने भरला की नाही ही राखणही मीच करायची? कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरायच्या, क्रेडिट नसलेल्या योजनेत गेलो तर सुटका होईल का?

करसल्लागार_सातारा

ताई, पहिलं म्हणजे तुमचे पैसे बुडालेले नाहीत. पुरवठादार जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) भरेल त्यानंतरच्या २बीत ते बिल येईल, आणि २०२५-२६ च्या बिलांचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत घेता येतं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वार्षिक रिटर्न आधी भरलंत तर मुदत तिथेच संपते, पण २ कोटींच्या आत तुम्हाला ते सक्तीचं नाही.

तुम्ही २बीत नसलेलं क्रेडिट घेतलं नाहीत, हे योग्य केलंत. १ जानेवारी २०२२ पासून बिल तिथे दिसल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. २बीपेक्षा जास्त क्रेडिट घेतलं आणि फरक मोठा असेल तर डीआरसी-०१सी ही नोटीस येते, सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तुमचाच पुढचा जीएसटीआर-१ अडतो.

कंपोझिशनचा विचार मात्र सोडा. तुमचं गिऱ्हाईक कंपन्या आहेत. तुमच्या बिलावर त्यांना क्रेडिट मिळालं नाही तर त्या दुसरीकडे जातील. शिवाय पत्र्यावरचा १८ टक्के कर तुमच्याच अंगावर पडेल आणि राज्याबाहेर माल विकता येणार नाही.

एक काम आजच करा. पोर्टलवर लॉगिन न करताही जीएसटी नंबर टाकून कोणी कुठलं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. त्या पुरवठादाराचं बघा.

किराणा_कराड

आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. दुकानदाराला करपात्र विक्रीवर १ टक्का, दर तिमाहीला कर भरायचा सीएमपी-०८ फॉर्म, वर्षाला एक रिटर्न, जीएसटीआर-४. गिऱ्हाईक घरगुती, बिलावर क्रेडिट मागणारं कोणी नाही, म्हणून जमतं. तो १ टक्का गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, मार्जिनमधूनच जातो. तुमच्या धंद्याला हे बसणार नाही असंच मलाही वाटतं.

लेथवाला_भोसरी

आम्ही मूळ रक्कम लगेच देतो आणि जीएसटीचा भाग बिल २बीत आल्यावर. ऑर्डर देतानाच तसं ठरवून घ्या.

पत्रा_वर्कशॉप (नाशिक)

दादा, तसं विचारून पाहिलं होतं. महिन्याला दहा टन उचलणाऱ्याचं ते ऐकतात. मी दोन-तीन टन घेते, पूर्ण पैसे आल्याशिवाय गेट पास निघत नाही.

करसल्लागार साहेब, तुम्ही म्हणालात तसं पोर्टलवर पाहिलं. त्यांचं जुलै ते सप्टेंबरचं ३बीच भरलेलं नाही. म्हणजे मी नोव्हेंबरला पैसे पाठवले तेव्हाच ते कोरं होतं आणि मला बघायचं माहीत नव्हतं.

मग प्रत्यक्ष गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी फाईल समोर ठेवली. एका पार्टीकडे त्यांचे सहा लाख अडकलेत. त्या बिलांवरचा करही त्यांनाच भरायचा आहे, आणि ३बी पूर्ण कर भरल्याशिवाय दाखल होत नाही. मागचं ३बी राहिलं की पुढचा जीएसटीआर-१ पोर्टल घेत नाही. म्हणजे माझं बिल चढवायची त्यांची इच्छा असली तरी त्यांना ते चढवता येत नाही. उशिराचे रोजचे ५० रुपये आणि १८ टक्के व्याज वरून चालूच. मला उठून यावंसं वाटेना आणि थांबून काही बोलताही येईना.

करसल्लागार_सातारा

हे माझ्याकडच्या निम्म्या फायलींत असतं. ५० रुपयांच्या दंडाला कमाल मर्यादा तरी आहे, दीड कोटींच्या आतल्यांना एका रिटर्नला २,०००. व्याजाला मर्यादा नाही. आणि जे बिल पार्टीने दिलेलंच नाही, त्यावरचा कर आधी खिशातून जातो. त्यांच्या पार्टीला, लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायच्या कायद्याखाली नोटीस देता येईल का ते पाहायला हवं. पण निव्वळ व्यापाऱ्याला उद्यम (लघुउद्योग) नोंदणी असली तरी तो आधार मिळत नाही. तुम्ही उत्पादक आहात, तुम्हाला मिळतो. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा.

पत्रा_वर्कशॉप (नाशिक)

नंबर छापते आजपासून. आमच्या पार्टीची तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, म्हणून तक्रार मात्र नाही करणार.

एक विचारते, तुमच्या संघटनेमार्फत हे वर पोचवता येईल का? ज्याच्याकडे ६० टक्के पैसे आहेत त्याचं ६० टक्के भरून ३बी दाखल करून घ्यावं, बाकीवर व्याज लावावं. म्हणजे निदान त्याची बिलं तरी पुढे चढतील. त्यांचे सहा लाख अडकले म्हणून माझे ४१,४०० अडकले, आणि माझ्यामुळे डायवाल्याची ऑर्डर रद्द झाली. त्यालाही फोन करून सांगितलं परवा. तो म्हणाला, "चालेल वहिनी, मार्चमध्ये बघू."

पुरवठादारांनी फेब्रुवारीअखेर भरतो म्हणून सांगितलंय. १ मार्चला पोर्टल बघून इथे कळवते.