‘पान टाकणे’ म्हणजे खेळणे की फेकणे?

कोपरीकर
ठाण्यातल्या पाचवी-सहावीच्या मुलांसाठी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आणि ‘यू-गि-ओ’ या, पानांवरच सूचना छापलेल्या पत्त्यांच्या खेळांच्या पानांवरचा मजकूर मराठीत करायचा आहे. ‘एक पान टाकून दोन पाने उचला’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: पान मांडून खेळायचे, किंवा ते बाद करायचे. ‘डिस्कार्ड’ला, म्हणजे हातातले पान बाद करण्याला, नेमका शब्द कोणता घ्यावा?

मेंढीकोट
घोळ मराठी पत्त्यांमध्येच आहे. मेंढीकोटात किंवा पाच-तीन-दोनमध्ये ‘पान टाक’ म्हणजे पान खेळ. रमीत मात्र नको असलेले पान ‘टाकतात’ किंवा ‘फेकतात’. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून रमी खेळणारे दोन्ही शब्द वापरतात, आणि तिथे कुणाचे अडत नाही, कारण रमीत पान टाकायची जागा एकच. तुमच्या खेळात पान हातातून मैदानात जाते, बाद ढिगात जाते, कधी खेळाबाहेरही जाते. म्हणून ‘टाकणे’ सरळ वर्ज्य करा. खेळायचे ते ‘खेळणे’, हातातून बाद करायचे ते ‘फेकणे’, कॅटमधून घ्यायचे ते ‘उचलणे’. मुले कॅटला ‘डेक’ म्हणत असतील तर ‘डेक’ लिहा, त्यात कमीपणा नाही.

ऐरोली_सेक्टर
‘उचलणे’ हा शब्दही राखूनच वापरा. मॅजिकच्या नियम १२१.५ प्रमाणे, मजकुरात ‘ड्रॉ’ (उचलणे) शब्द नसेल आणि पान कॅटमधून हातात आले, तर ते ‘ड्रॉ’ धरत नाहीत. तेव्हा ‘ड्रॉ’ला ‘उचला’ आणि बाकी सगळीकडे ‘हातात घ्या’. दोन्हीकडे ‘घ्या’ लिहिले तर ‘पान उचलल्यावर अमुक होते’ अशी पाने चुकीच्या वेळी चालू होतील.

शब्दखोर
‘टाकणे’ बदलले तरी तुमच्या वाक्यातला खरा दोष ‘-ऊन’मध्ये आहे. ‘जेवून ये’ यात क्रम आहे, ‘धावून दमला’ यात कारण, ‘हसून म्हणाला’ यात रीत. एकच प्रत्यय तिन्ही कामे करतो आणि बोलताना आपल्याला ते जाणवतही नाही. पानावर मात्र तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात.

मॅजिकमधले ‘टॉर्मेंटिंग व्हॉइस’ हे पान घ्या. एक पान फेकणे ही तिथे जादा किंमत आहे, परिणाम दोन पाने उचलणे. किंमत आधी चुकवायची. समोरच्याने तुमचे पान हाणून पाडले तरी फेकलेले परत मिळत नाही आणि दोन पानेही मिळत नाहीत. हातात फेकायला दुसरे पान नसेल तर ते खेळताच येत नाही.

‘फेथलेस लूटिंग’ या पानात क्रम उलटा: आधी दोन उचला, मग दोन फेका. हात रिकामा असला तरी चालते, आणि नुकतीच उचललेली पानेही फेकता येतात. याचे ‘दोन फेकून दोन उचला’ केले की पानाचा जीवच गेला.

तिसरा प्रकार ऐच्छिक: फेकायचे की नाही ते तुम्ही ठरवायचे, फेकले तरच पुढचे मिळते. मी असे लिहीन:
किंमत असेल तर: ‘किंमत: एक पान फेका. परिणाम: दोन पाने उचला.’
क्रम असेल तर: ‘दोन पाने उचला, मग दोन फेका.’
अट असेल तर: ‘हवे असल्यास एक पान फेका. फेकल्यास दोन उचला.’
‘-ऊन’ कुठेच नको.

कोपरीकर
‘हवे असल्यास’ लांबते. ‘फेकू शकता’ चालेल का?

शब्दखोर
नको. ‘फेकू शकता’ यात मुभा आणि ताकद दोन्ही येतात. ‘फेकावे’ तर त्याहून वाईट, ते निम्मे सल्ला वाटते आणि निम्मे आज्ञा. सक्तीला साधे ‘फेका’, मर्जीला ‘हवे असल्यास’. हा फरक सोडून चालणार नाही: मॅजिकमध्ये कॅट संपलेला असताना पान उचलायची वेळ आली तर खेळाडू हरतो. ‘हवे असल्यास’ गाळले की ऐच्छिक उचलणे सक्तीचे होते आणि त्यापायी डाव जातो.

नेरूळ२६
यू-गि-ओसाठी मराठीकडे इंग्रजीपेक्षा चांगले हत्यार आहे: ‘-ताच’ आणि ‘-ल्यास’. तिथे ‘व्हेन… यू कॅन’ आणि ‘इफ… यू कॅन’ यांत मोठा फरक आहे. ऐच्छिक परिणामाला ‘व्हेन’ असेल आणि ती घटना सगळ्यात शेवटी घडलेली नसेल, तर संधी हुकते. उदाहरणार्थ, एका राक्षसाचा बळी देऊन दुसरा बोलावला. बळी गेलेल्याचे स्मशानात, म्हणजे त्या खेळातल्या बाद ढिगात, जाणे आधी घडले, बोलावणे नंतर. तेव्हा ‘व्हेन’ असलेला ऐच्छिक परिणाम वापरता येत नाही. ‘इफ’ असेल तर वापरता येतो. म्हणून ‘स्मशानात जाताच’ आणि ‘स्मशानात गेल्यास’. ‘जाताच’ म्हटले की मध्ये काही घडायला जागा नाही, हे मुलांच्या कानाला आपोआप कळते. ‘जेव्हा’ने ते कळत नाही.

याच खेळाने 2011 पासून मजकुराला विरामचिन्हांची शिस्त लावली: अपूर्णविरामाच्या (:) आधी कधी वापरायचे ते, अर्धविरामाच्या (;) आधी किंमत किंवा लक्ष्य निवडणे, आणि त्याच्या पुढे परिणाम. ही चिन्हे मराठीतही जशीच्या तशी ठेवा. घाईत अर्धविरामाचा स्वल्पविराम केला तर किंमत परिणामात मिसळते.

ऐरोली_सेक्टर
पण हे ‘-ताच’ मॅजिकला लावू नका! तिथे संधी हुकणे हा प्रकारच नाही. ‘व्हेन’वाला परिणाम सुरू झाला की त्याची पाळी येईपर्यंत थांबतो, मधल्या गोष्टींनी तो मरत नाही. तिथे ‘व्हेन’ला ‘आल्यावर’ आणि ‘व्हेनेव्हर’ला ‘आल्यावर दर वेळी’. दोन खेळांना एकच शब्दकोश करायचा मोह आवरा.

मेंढीकोट
तिसऱ्या पानावर अडाल ते ‘आपले’पाशी. ‘प्रतिस्पर्ध्याने आपले एक पान फेकावे.’ कुणाचे? व्याकरणाने प्रतिस्पर्ध्याचेच. पण आदरार्थी ‘आपण’ धरणारा म्हणेल, वाचणाऱ्याचे. तिथे ‘स्वतःचे’ लिहा आणि वाचणाऱ्यासाठी कायम ‘तुमचे’. तसेच ‘दुसरे पान’: क्रमाने दुसरे की हे सोडून वेगळे? ‘याखेरीज एक पान’ लिहिले की वाद मिटतो.

कोपरीकर
‘ओनर’ आणि ‘कंट्रोलर’?

नेरूळ२६
मालक एक आणि ताबा दुसऱ्याकडे. समोरच्याचे पान तुमच्या ताब्यात आले तर हल्ला तुम्ही करायचा, पण ते मेले की मॅजिकमध्ये मालकाच्याच बाद ढिगात जाते, तुमच्या नाही. ‘मालक’ आणि ‘ताबेकरी’ म्हणा. ‘धनी’ नको, त्यात दोन्ही येतात.

कोपरीकर
ठीक. मग मराठी मजकुराच्या चिठ्ठ्या पानाच्या स्लीव्हमध्येच (प्लास्टिकच्या पाकिटात) मागे सरकवतो, म्हणजे हाताशी राहतील.

ऐरोली_सेक्टर
अजिबात नको. कागदाने स्लीव्ह जाड होते. पिसताना, कॅट काटताना ते पान बोटाला लागते आणि खुणेचे पान ठरते. सगळ्या पानांना चिठ्ठ्या लावल्या तरी घड्या आणि कोपरे सारखे बसत नाहीत. एका कागदावर पानांच्या इंग्रजी नावांच्या क्रमाने मराठी मजकूर छापा आणि तो टेबलावर ठेवा. वर ठळक लिहा: वाद झाल्यास इंग्रजी अधिकृत मजकूर पाहावा. तोही पानावर छापलेला नव्हे, आजचा. मॅजिकच्या जुन्या पानांचे शब्द पुढे दुरुस्त झालेले असतात, आणि तर्जुमाही त्या दुरुस्त मजकुरावरूनच करा.