एसएससीतून अमेरिकेतल्या विद्यापीठात : अकरावीत काय करून ठेवायचं?

मुलुंडची आई :
मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावी एसएससीच्या शाळेतून, ज्युनिअर कॉलेज वेगळं. बारावीनंतर एमआयटी, प्रिन्स्टनला अर्ज करायचा म्हणते. सॅटचा (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) अभ्यास चालू आहे, पण कॉलेजात काउन्सेलर (अर्जाचे कागद कॉलेजतर्फे पाठवणारा समुपदेशक) नाही. कागदपत्रांचं काय करायचं? एवढी फी आम्हाला झेपणार नाही, मदत लागेलच.

किंग्ज सर्कल :
सॅटपेक्षा कागदच जास्त छळतात. तिकडे नववी ते बारावी अशी चार वर्षं बघतात, म्हणजे निम्मे मार्क जुन्या शाळेत. नववीचा निकाल बोर्डाकडे नसतो, तो शाळेच्याच दप्तरी. आत्ताच जाऊन लेटरहेडवर विषय, मार्क, कितीपैकी, सही-शिक्का असं पत्रक घ्या. मार्कांचं जीपीए (अमेरिकी पद्धतीची ग्रेडची सरासरी) करत बसू नका, आहेत तसेच पाठवायचे.

नावाकडे नीट बघा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, कधी स्पेलिंगसुद्धा. सॅटला आणि अर्जात पासपोर्टप्रमाणेच भरा. शाळेच्या पत्रात ‘दोन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची’ एवढं वाक्य घालून घ्या.

काउन्सेलरच्या जागी उपप्राचार्य चालतात. कॉमन ॲपवर (एकाच अर्जातून अनेक विद्यापीठांना अर्ज करायचं पोर्टल) त्यांचा ईमेल दिला की त्यांना लिंक जाते आणि मार्कांचं पत्रक, स्कूल रिपोर्ट (मुलीबद्दलचा कॉलेजचा फॉर्म), स्कूल प्रोफाइल (कॉलेजची ओळख) तेच चढवतात. ईमेल कॉलेजचा असू दे, खासगी नको. प्रोफाइल बहुतेक ज्युनिअर कॉलेजांनी कधी केलेलंच नसतं. बोर्ड कोणतं, तुकडीत किती मुलं, वर्गात नंबर काढतात की नाही, ही माहिती गोळा करून त्यांच्या हातात द्या. एका पानात मावते. एमआयटी मात्र कॉमन ॲपवर नाही, तिचं पोर्टल वेगळं.

खडू-फळा :
शिफारसपत्रांचं कोणीच बोललं नाही. इंटिग्रेटेड क्लास (कॉलेजशी जोडलेला प्रवेश परीक्षांचा खासगी क्लास) लावून कॉलेजची हजेरी नुसती कागदावर असेल तर गाडी इथे अडते, कारण शिक्षकांना मुलगी माहीतच नसते. क्लासच्या सरांचं पत्र कॉलेजच्या शिक्षकांच्या पत्राची जागा घेत नाही. एमआयटीला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं लागतं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. सायन्सला दुसरं म्हणजे इंग्रजी नाहीतर मराठी, आणि दांडी नेमकी त्याच तासाला मारली जाते!

प्रॅक्टिकलला स्क्रू गेजचं रीडिंग जुळत नसेल तर शेजारणीच्या जर्नलमधून उतरवू नये. झीरो एरर (काही मोजत नसतानाही उपकरण दाखवतं तो फरक) काढावा, सरांना दाखवावा, का आला ते विचारावं. असं काही पाहिलेलं असलं की सरांना लिहायला मिळतं. ‘हुशार व नम्र’ एवढ्यावर पत्र उभं राहत नाही. विनंती बारावी सुरू होताच करा.

ठाणे-सीएसटी :
वेळापत्रक सांगतो. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. अर्लीची (लवकरच्या अर्जफेरीची) मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, रेग्युलरची (नेहमीच्या फेरीची) जानेवारीच्या सुरुवातीला. तेव्हाच इकडे प्रिलिम, आणि देणार असेल तर जेईई मेनचं पहिलं सत्र. म्हणून सॅट अकरावीची परीक्षा संपल्यावर मे-जूनमध्येच द्यावी, कमी पडली तर ऑगस्टमध्ये पुन्हा. पेपर २ तास १४ मिनिटांचा, ९८ प्रश्न. प्रत्येक विभागाचा दुसरा भाग पहिल्यातल्या उत्तरांवरून सोपा किंवा अवघड येतो, तेव्हा पहिल्या भागात घाई नको. कॉमन ॲपचा ६५० शब्दांचा निबंध गणपतीपर्यंत कच्चा तरी लिहून होऊ दे.

पैशांचं : एमआयटी, प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, ॲम्हर्स्ट ही परदेशी मुलांनाही मदत मागितली म्हणून डावलत नाहीत, आणि प्रवेश दिला की गरजेइतकी पूर्ण मदत देतात. इतर पुष्कळ ठिकाणी मागणीचा निवडीवर परिणाम होतो, त्यामुळे यादी याच हिशेबाने करा. मदत हवी हे अर्जातच नोंदवा. नंतर मागू म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी दार बंद. आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ काढून ठेवा.

बारावीच्या निकालानंतर फायनल रिपोर्टही (शेवटच्या मार्कांसह) कॉलेजातूनच जातो. ते दिवस सुट्टीचे असतात, तेव्हा तो कोण पाठवणार हे उपप्राचार्यांना आधीच विचारून ठेवा.