टायटॅनियम की स्टील? मदत हवी आहे
मंडळी, टुडर कंपनीचं टायटॅनियमचं घड्याळ पेलागॉस ३९ घ्यावं की स्टीलचं ब्लॅक बे ५८, यावर महिनाभर घोडं अडलंय. दोन्हींचा व्यास ३९ मिमी, दोन्ही २०० मीटरपर्यंत पाणीरोधक. टायटॅनियमची घनता साधारण ४.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, स्टीलची ८, म्हणजे टायटॅनियम बरंच हलकं. दुकानात पेलागॉस मनगटावर चढवलं तर काही घातल्यासारखंच वाटेना! (बायको म्हणाली, एवढे पैसे देऊन हे पोकळ?) घाम आला की स्टीलच्या बकलखाली मला पुरळ उठतं, निकेलमुळे. म्हणून मन टायटॅनियमकडे. पण त्यावर ओरखडे लवकर दिसतात, पॉलिशही स्टीलइतकं सहज होत नाही म्हणतात. कोणी दोन-तीन वर्षं रोज वापरलंय का? माझं काय, ऑफिस, स्कूटर आणि वर्षातून एकदा मालवणला डाइव्ह. जमल्यास ओरखड्यांचे फोटो टाका, उन्हातले.